धरण उशाला, क्षार नळाला

“आपल्याकडचं पाणीच तसं.” जळगावात गिझरची कॉइल गेली की हे वाक्य ऐकू येतं. धुळ्यात वॉशिंग मशीनमधून कपडे कडक होऊन, पांढरट डाग घेऊन बाहेर आले की हेच. भुसावळात मे महिन्याच्या ऐन दुपारी कूलरची मोटर घरघरून बंद पडते, तेव्हाही हेच. मिस्त्री म्हणतो, दुकानदार म्हणतो, शेजारी म्हणतो आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात तोही शेवटी मान डोलावतो. मला या वाक्याची चीड आहे. ते अर्धसत्य आहे, आणि त्याच्या आडोशाला पाणीपुरवठा करणारे, उपकरणं बनवणारे आणि पाणी शुद्ध करून देण्याचा धंदा करणारे सगळे सुखानं बसले आहेत.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. खान्देशच्या पोटात दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तापीच्या काठानं त्यावर गाळाचे जाड थर आहेत. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. जितकं खोल आणि जितकी वर्षं मुरलेलं, तितकं ते सहसा जड. तेव्हा शे-दोनशे मीटर खोल बोअरचं पाणी जड लागलं तर त्यात नवल नाही.

पण आपल्या शहरांच्या नळाला बोअरचं पाणी यावं असं ठरलेलंच नाही. जळगावला वाघूर धरणाचं पाणी आहे. धुळ्याला तापी योजना आहे, नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत, पांझरेवरचं अक्कलपाडा आहे. हे पावसाचं, ओढ्या-नाल्यांनी वाहून आलेलं पाणी. खडकात वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यापेक्षा ते सहसा कितीतरी हलकं असतं. मग आपल्या बाथरूममध्ये पांढरी पुटं येतात कुठून?

ती येतात पाण्याच्या वेळापत्रकातून. जळगावनं दोन-तीन दिवसांआड पाण्याची सवय लावून घेतली. धुळ्यानं आणि भुसावळनं आठ-आठ दिवस वाट पाहण्याची वेळ वर्षानुवर्षं सोसली. व्हॉल्वमन कधी येणार हे ज्या शहरात पाहुण्यांच्या येण्यापेक्षा महत्त्वाचं असतं, तिथं प्रत्येक अपार्टमेंट बोअर घेणारच. आणि बोअरचं पाणी पडतं कुठं? त्याच जमिनीखालच्या टाकीत, जिथं नळाचं पडतं. तीच मोटर ते गच्चीवर चढवते आणि तोच पाइप ते स्वयंपाकघरात, गिझरमध्ये, मशीनमध्ये सोडतो. पहिल्या दिवशी धरणाचं, तिसऱ्या दिवशी निम्मं-निम्मं, सहाव्या दिवशी निव्वळ बोअरचं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. खान्देशातल्या शहरी घरांतला क्षार ही खडकाची करणी कमी आणि अनियमित पाणीपुरवठ्याची करणी जास्त आहे. धरणं भरलेली असताना लोकांना खडकातलं पाणी वापरावं लागत असेल, तर त्याचा दोष खडकाला देणं हा लबाडपणा आहे.

यावर पाणीपुरवठा खात्याचं ठरलेलं उत्तर असतं: “पाणी पिण्यायोग्य आहे.” हे उत्तर कुठून येतं ते पाहा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, एकूण कठीणपणाची, म्हणजे याच जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम सांगतं. त्याच तक्त्यात पुढचा रकाना आहे, 600 मिलिग्रॅमचा. त्या रकान्याच्या डोक्यावर अट लिहिली आहे: दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर. सवलत आहे ती नाइलाजापोटी. ज्या गावाला खरोखर विहिरीशिवाय काही नाही, त्याला कोणी दोष देणार नाही. पण ज्या शहराच्या नावावर धरणाचं पाणी राखून ठेवलेलं आहे, त्या शहरात 600 चा आकडा पुढे करून “योग्य” हा शिक्का मारणं म्हणजे मानकाची उघड थट्टा आहे. दुसरा स्रोत आहे. तो वेळेवर घरापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

आणि पिण्यायोग्य म्हणजे वापरायोग्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. जड पाण्यानं मुतखडा होतोच, ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. खान्देशच्या उन्हात घाम फार आणि पाणी पिणं कमी, हे मुतखड्याचं जास्त खात्रीचं कारण आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण भीतीच्या पोटी लोक चुकीच्या दुकानात जातात. जड पाण्याचा मार मुख्यतः खिशावर, उपकरणांवर आणि घरातल्या बाईच्या कष्टांवर बसतो. साबण फेस धरत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि कपडा दोनदा खळबळावा लागतो. तूरडाळ तिसऱ्या शिट्टीलाही दाणा सोडत नाही, मग सोडा घाला, गॅस जाळा. या मारामुळे कोणाचा मृत्यू होत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही.

गिझरच्या आत काय होतं ते एकदा डोळ्यांनी पाहा. माझ्या घरचा गिझर उघडला तेव्हा मिस्त्रीनं कॉइल ओढली, तर ती भोकातून बाहेरच येईना. करंगळीएवढी जाडी असायची, तिथं मनगटाएवढा पिवळट दगड झाला होता. त्यानं पेचकसाच्या मुठीनं ठोकलं तेव्हा फरशीवर खपल्या पडल्या, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं थरावर थर. टाकीच्या तळाशी ओल्या वाळूसारखा रवा. “दादा, पानी जड शे, मशीन काय करी?” तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मशीन काहीच करू शकत नाही. पाणी तापलं की त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं, वायू निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीच. ती सर्वांत आधी सर्वांत तापलेल्या जागी बसते, आणि ती जागा म्हणजे कॉइल. हा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही, ती आतल्या आत तापत जाते, तिचं धातूचं आवरण एके दिवशी तडकतं, पाणी आत शिरतं आणि एमसीबी पडतो.

इथं एक खोटी भीतीही मोडून काढतो. “क्षारामुळे विजेचं बिल दुप्पट होतं” असं सांगून गिऱ्हाईक घाबरवतात. विजेच्या गिझरची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. तिथं बिलापेक्षा कॉइल जाते. गॅस गिझरचं मात्र वेगळं. तिथं ज्योत बाहेर, पाणी तांब्याच्या नळीत. नळीला आतून थर बसला की आच धुराड्यानं वर निघून जाते, सिलिंडर लवकर संपतो, आणि नळी अरुंद होत होत पाण्याची धार सुतासारखी होते. दोन्हींत नुकसान आहे, पण ते वेगवेगळं आहे. ज्याला खरंच काही सांगायचं आहे त्यानं नेमकं सांगावं.

आता कूलर. खान्देशात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा कूलर ही चैन राहत नाही. म्हातारं माणूस आणि तान्हं मूल त्याच्या समोर झोपतं म्हणून तगतं. कूलरमधून उडून जातं ते फक्त पाणी. क्षार सगळा मागे राहतो. साधा हिशेब करा. समजा पाण्याचा कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि कूलर दिवसाला 60 लिटर पाणी उडवतो. म्हणजे रोज 30 ग्रॅम चुना मागे उरला. मार्च ते मे या सुमारे 90 दिवसांत 2 किलो 700 ग्रॅम, आणि यात बाकीचं मीठ धरलेलंच नाही. हा सगळा ऐवज ताट्यांत, पंपात, नळीच्या भोकांत आणि पत्र्याच्या तळाशी जातो. ताटी दगडासारखी होते, वारा अडतो, पंप अडकतो, पत्रा गंजतो. दरवर्षी होळीच्या सुमाराला बाजारात ताट्या आणि पंप घ्यायला जी झुंबड उडते, ती आपल्या पाण्यानं आपल्यावर बसवलेली पट्टी आहे. ती मोजली जात नाही, तिची पावती मिळत नाही आणि झोपडीतल्याला ती बंगल्यातल्यापेक्षा जास्त टोचते.

“पाणीच तसं” म्हणून याच खान्देशात कोण गप्प बसत नाही, ते आता बघू. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र तापीचं पाणी उचललं तसं बॉयलरमध्ये घालत नाही. आधी त्यातले क्षार जवळजवळ शून्यावर आणले जातात, कारण बॉयलरच्या नळीत थर बसला तर संच बंद पडतो आणि त्या बंदची किंमत त्यांना रुपयांत माहीत असते. भुसावळातून वाफेची इंजिनं धावत होती तेव्हाही बॉयलर ठरलेल्या मुदतीनं धुऊन काढल्याशिवाय इंजिन कामावर जात नसे. रावेर-यावलचा केळीवाला शेतकरी घ्या. ठिबकच्या तोट्या क्षारानं बंद पडतात हे त्याला ठाऊक आहे. तो पाण्याचं परीक्षण करून घेतो, सामू 4 च्या आसपास आणेल इतकं आम्ल मोजून नळ्यांत सोडतो, ते मुरू देतो आणि शेवटच्या टोकाची बुचं काढून नळ्या धुतो. त्याला आपल्या विहिरीचा आकडा पाठ असतो. आणि आपल्यापैकी प्रत्येक जण इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची बाटली विकत आणून ओततो, नळाचं पाणी ओतत नाही. म्हणजे क्षार काय करतो हे या मुलखात सगळ्यांना माहीत आहे. जिथं नुकसानीचा हिशेब एका धन्याच्या वहीत पडतो, तिथं इलाज झाला. जिथं तो लाखो घरांत सुटा सुटा पडतो, तिथं त्याला नशीब म्हटलं गेलं.

उपकरणांच्या कंपन्यांना यातला आडोसा फार सोयीचा आहे. गिझरवर तारे चिकटवलेले असतात. ते तारे टाकीतलं तापलेलं पाणी चोवीस तासांत किती उष्णता गमावतं त्यावरून दिलेले असतात. कोणत्या कठीणपणाच्या पाण्यात तो किती वर्षं टिकेल, याबद्दल तारे काही बोलत नाहीत. ते बोलणारा कागद डब्यात असतो, वॉरंटीचा, आणि तिथं बारीक अक्षरांत क्षारानं झालेलं नुकसान वगळलेलं असतं. माझ्या गिझरच्या वेळी मला हेच ऐकवण्यात आलं: मुदत शिल्लक आहे, पण पाणी खराब आहे. मग विकताना हा प्रश्न का विचारला नाही? जळगावच्या दुकानात गिझर विकणाऱ्याला जळगावचं पाणी माहीत नसतं का? ज्या कारणानं वॉरंटी नाकारणार, ते कारण विक्रीच्या वेळी तोंडानं सांगणं आणि डब्यावर ठळक आकड्यात छापणं सक्तीचं हवं. टाकी गंजू नये म्हणून बसवलेला ॲनोड रॉड झिजतो, तो बदलावा लागतो, ही साधी गोष्टसुद्धा किती गिऱ्हाइकांना कोणी सांगितली? लपवून ठेवलेली अट म्हणजे फसवणूक, दुसरा शब्द नाही.

त्याहून वाईट ते, जे दारात येऊन इलाज विकतात. तुम्ही हा खेळ पाहिला असेल. टेबलावर दोन ग्लास, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशीनचं. विजेवर चालणारं, धातूच्या कांड्यांचं एक यंत्र दोन्हींत बुडवतात. मिनिटभरात तुमच्या ग्लासात तपकिरी-काळा गाळ उठतो, त्यांचं पाणी जवळजवळ स्वच्छ राहतं. घरातली आजी तोंडावर पदर घेते, आणि पावतीपुस्तक बाहेर निघतं. तो गाळ पाण्यात नव्हताच. क्षारामुळे पाण्यातून वीज वाहते आणि त्या विजेनं कांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. लोखंडाचा गंज दाखवून पाण्याची घाण म्हणून विकणं हा सरळ ठकवण्याचा धंदा आहे, आणि असा खेळ करणाऱ्याला उंबऱ्याच्या बाहेर काढलं पाहिजे. पेनासारखं टीडीएस मीटर दाखवणारेही त्याच पंगतीतले. टीडीएसमध्ये सगळेच विरघळलेले क्षार येतात, त्यावरून कठीणपणा कळत नाही. घरगुती आरओ ग्लासभर पाण्यासाठी दोन-तीन ग्लास पाणी मोरीत सोडतो, आणि गिझर, मशीन, कूलर यांना त्याचा थेंबही मिळत नाही. टीडीएस 500 च्या आत असेल तिथं आरओ नकोच, हे राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये बजावलं होतं. ज्या शहरात आठवड्यानं पाणी येतं, तिथं पिण्याचं पाणी मोरीत ओतणारी यंत्रं घरोघर बसावीत, याची लाज कोणाला तरी वाटायला हवी.

मग सॉफ्टनर? तो काम करतो, हे खरं. पण तो कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम देतो. 500 मिलिग्रॅम कठीणपणा काढला की लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. रक्तदाबाच्या रुग्णानं ते पिऊ नये. शिवाय त्यातला राळेचा थर धुवायला मिठाचं पाणी लागतं. ते धुणं गटारीत जातं आणि तिथून जमिनीत मुरतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानं आपलं पाणी हलकं करायचं आणि त्याचं मीठ शेजाऱ्याच्या बोअरला पाठवायचं. एकेका बंगल्यानं शोधलेला असा इलाज गल्लीला महाग पडतो.

घरात आपल्या हातात आहे तेवढं करावंच. गिझरचा काटा 70 वर ठेवण्याऐवजी 50-55 वर ठेवा, थर हळू बसतो. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुऊन घ्या, रॉड तपासा. कॉइलला लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी पुरतं. संडास धुण्याचं ॲसिड ओतलं तर चुन्याबरोबर धातूही जातो. कूलरमध्ये नुसतं वरून पाणी भरत राहू नका, चार-पाच दिवसांनी तळाचं खारं पाणी काढून फरशी धुवायला घ्या. आणि नवीन घर बांधणाऱ्यांनो, बोअरची आणि नळाची टाकी वेगळी ठेवा. संडास, अंगण, गाडी यांना बोअरचं. गिझर, मशीन आणि स्वयंपाकाला नळाचं. एका जादा टाकीचा आणि थोड्या पाइपचा खर्च. बांधकाम व्यावसायिक तो वाचवतो आणि राहणारा पुढची वीस वर्षं फेडतो. पावसाचं पाणी तर खडकाला न शिवलेलं असतं. 100 चौरस मीटर छपरावर 700 मिलिमीटर पाऊस म्हणजे 70 हजार लिटर. त्यातलं बरंचसं गटारीत जातं. तेच बोअरमध्ये गाळून सोडलं तर बोअरचा जडपणा उतरतो.

पण घराघरात लिंबूसत्त्व भिजवून शहराचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी पहिली गोष्ट लागते ती आकडा, आणि तो काढणं अजिबात अवघड नाही. शंकुपात्रात पाणी घ्यायचं, सूचक टाकला की ते दारूसारखं लाल होतं, मग ब्युरेटमधून थेंब-थेंब ईडीटीए सोडायचं. लाल जाऊन निळा रंग आला की थांबायचं आणि वाचन लिहायचं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राची मुलं हा प्रयोग करतात, जर्नलमध्ये लिहितात, परीक्षकाला दाखवतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. खेड्यांत जलजीवन मिशनच्या तपासणी संचातही कठीणपणाची चाचणी आहे. म्हणजे माणसं आहेत, काच आहे, औषधं आहेत. नाही ते फक्त हा आकडा नागरिकाच्या हातात ठेवण्याची इच्छा.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतली एकही अशक्य नाही. पाणीपट्टीच्या बिलावर प्रभागवार कठीणपणाचा आकडा छापा, एक उन्हाळ्याचा, एक पावसाळ्यानंतरचा, आणि नळाचा व टँकरचा वेगळा. ज्या दिवशी धरणाच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळून सोडाल, त्या दिवशी तसं जाहीर करा. नव्या इमारतीला दोन टाक्या आणि दोन पाइप असल्याशिवाय परवानगी देऊ नका. उपकरण विकणाऱ्यानं ते किती कठीणपणापर्यंत वॉरंटीत आहे ते लिहून द्यावं. आणि या सगळ्याच्या वर, धरणाचं पाणी रोज द्या. रोज पाणी आलं की निम्म्या बोअर आपोआप थंडावतील, आणि निम्मा क्षारही.

पुढच्या वेळी नगरसेवक मत मागायला दारात आला, तर त्याला रस्ता आणि गटार विचारण्याआधी एकच विचारा: आमच्या प्रभागाच्या पाण्याचा कठीणपणा किती? त्याला आकडा सांगता आला नाही, तर त्यानं तो शोधून आणेपर्यंत मताचं बोलणं थांबवा. आणि तो “आपल्याकडचं पाणीच तसं” म्हणाला, तर त्याला स्पष्ट सांगा की पाणी तसं नाही, पुरवठा तसा आहे, आणि पुरवठा बदलता येतो.